नेपल्सची शेळी आणि शिवाजी पेठेतल्या पैरणी

पहाटेचे सव्वाचार. शिवाजी पेठेतल्या दूधकट्ट्यावर ख्वाजा गवळी उकिडवा बसून म्हशीच्या कासेवर पाण्याचे हबके मारतो आहे. जानेवारीचे दिवस आहेत, बोलताना तोंडातून वाफ निघते, आणि ख्वाजाच्या अंगावर कमरेच्या वर एक ताईत सोडला तर काहीही नाही. त्याची पैरण मागच्या लिंबाला ठोकलेल्या खुंटीवर लोंबते आहे. शेजारच्या खुंट्यांवर आणखी पैरणी आहेत. कट्ट्यावरचे सगळे गवळी असेच उघडे बसले आहेत. समोर गडवे घेऊन उभी असलेली गिऱ्हाइके मात्र कानापर्यंत घोंगड्यांत आहेत.

दूध घ्यायचे ते म्हशीतून निघताना डोळ्यांनी बघून, ही कोल्हापूरची जुनी रीत. तालमीतली पोरे तर भांडे न बाळगता धारच तोंडात घेतात. गवळ्याने उघड्या अंगाने धार काढायची ही रीत मात्र जुनी नाही. ती पाच वर्षांपूर्वीची आहे, ती या एकाच कट्ट्यावर आहे, आणि ती इटलीहून आली. आणणारा ख्वाजा. बाकीच्या गवळ्यांनी त्याबद्दल त्याला अजून पुरती माफी दिलेली नाही. थंडीत तर मुळीच नाही.

ख्वाजा विलायतेला जाणार नव्हता. जाणार होती म्हैस.

१९०७ साली सरदार नृसिंहरावांच्या छातीने दगा दिला. डॉक्टरांनी समुद्राची हवा आणि युरोपातला हिवाळा सांगितला, शिवाय रोज ताजे दूध. सरदारांच्या लेखी ताजे दूध म्हणजे धारोष्ण; कासेतून भांड्यात आणि भांड्यातून तोंडात. मधे वेळ गेला की ते दूध राहत नाही, औषध होते, आणि औषध ते घेत नसत. म्हणून म्हैस बरोबर न्यायचे ठरले. म्हैस म्हटली की गवळी आला. सरदारांचा रतिबाचा गवळी आण्णा. पण समुद्र ओलांडला तर भाऊबंद पंगतीला घेणार नाहीत, या भीतीने आण्णाने हात जोडले. ख्वाजाला तशी अडचण नव्हती. त्याची बायको नजीरा हिची अडचण होती, पण तिला विचारण्याआधीच तो हो म्हणून बसला होता.

मुंबईच्या धक्क्यावर इटालियन बोट उभी होती. बोटीवर जनावर घेण्याची परवानगी सरदारांचे कारभारी त्र्यंबकराव यांनी आधीच काढली होती. बोटीच्या कप्तानाने गाय डोळ्यांसमोर ठेवून होकार दिला होता. समोर आली ती ख्वाजाची पंढरपुरी म्हैस. शिंगे खांद्यावरून मागे पाठीपर्यंत गेलेली, आणि मान वळवली की दोन्हीकडची माणसे बाजूला होत. शिंगे बोटीच्या दारातून जाईनात. दार कापायला कप्तान तयार नव्हता आणि शिंगे कापायला ख्वाजा तयार नव्हता. तासभर हुज्जत झाल्यावर सरदारांनी निकाल दिला.

“म्हस परत जाऊ द्या. गवळ्याचं तिकीट काढलंय, तर गवळी चढवा. तिकडं दूध मिळंल की.”

चौथ्या दिवशी म्हैस मालगाडीने कोल्हापूर स्टेशनावर उतरली. सोबत सरदारांच्या घोड्यांचा एक मोतद्दार होता, ख्वाजा नव्हता. पेठेत जी चर्चा व्हायची ती झाली. नजीराने म्हशीला ओवाळले आणि बांधून घातले.

बोटीवर ख्वाजाला काम नव्हते. सरदार डब्यातले दूध पीत, तोंड वाकडे करत आणि त्याच्याकडे बघत. ख्वाजाही मग दुसरीकडे बघे.

नेपल्सला उतरल्यावर सरदारांच्या छातीला तिथली हवा मानवली. पुढे स्वित्झर्लंडला जायचे होते, ते रद्द झाले आणि मुक्काम तिथेच पडला. एका अरुंद गल्लीत उंच घराचा चौथा मजला भाड्याने घेतला. घरमालकीण डोन्ना असुंता ही विधवा बाई. इंग्रज पाहुण्यांना खोल्या देऊन देऊन तिला कामापुरते इंग्रजी येत होते आणि भांडणापुरते त्याहून थोडे जास्त.

पहिल्याच सकाळी ख्वाजाला जिन्यात घुंगरांचा आवाज आला. त्याने दार उघडले. दारात शेळी उभी होती. चौथ्या मजल्यावर, पायपुसण्यावर, चारी पाय जुळवून. तिच्या मागून एक बुटका माणूस धापा टाकत वर आला. जाड लोकरी कोट, डोक्यावर टोपी, हातात पत्र्याचे भांडे. तो आनिएल्लो, गल्लीचा दूधवाला. नेपल्समध्ये तेव्हा शेळ्या घरोघरी जिने चढून येत आणि गिऱ्हाइकाच्या दारात दूध देऊन उतरून जात.

ख्वाजा सांगतो की त्या क्षणापर्यंत त्याला विलायत ही काहीतरी वेगळी जागा वाटत होती. गिऱ्हाइकाच्या समोर जनावर उभे करून धार काढणारा माणूस बघितला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने शेळीच्या पाठीवर हात फिरवला, कास चाचपली, आनिएल्लोकडे बघून मान हलवली. आनिएल्लोने त्याच्याकडे पाहिले, त्याच्या फेट्याकडे पाहिले आणि त्याला ओळखले. गवळ्याला गवळी ओळखतो, त्याला भाषा लागत नाही.

व्यवस्था ठरली. आनिएल्लोने रोज दारात धार काढायची आणि ख्वाजाने समोर उभे राहून बघायची. म्हैस नसलेल्या गवळ्याला एवढेच काम उरले होते. आठवड्याभरात तेही जायची वेळ आली.

सरदार दुधाची परीक्षा आपल्याकडच्या रीतीने करत: अंगठ्याच्या नखावर एक थेंब. थेंब बसला तर दूध, ओघळला तर पाणी. आनिएल्लोच्या दुधाचा थेंब नखावर क्षणभरही थांबत नव्हता. आधी त्यांनी शेळीला दोष दिला, मग देशाला, आणि मग ख्वाजाला समोर बोलावले.

“तू बघत असतोस न्हवं?”

ख्वाजा म्हणाला, “बघतोय की सरकार. भांडं पालथं करून बघतो. हात धुवायला लावतो.”

“मग पाणी आभाळातनं पडतंय काय? पुढच्या बोटीनं जा तू घरला. हितं बसून काय करतोस?”

याचा अर्थ ख्वाजाला चांगला कळत होता. घरी जायला तो एका पायावर तयार होता. पण पेठेत काय म्हणतील? म्हैस आधी परत आली, ती शिंगांमुळे. गवळी मागाहून परत आला, तो दुधात पाणी निघाले म्हणून. असे नाव घेऊन कट्ट्यावर बसलेल्या गवळ्याकडे मांजरसुद्धा फिरकत नाही. त्याच्या बापाने, आज्याने त्याच लिंबाखाली बसून दूध घातले होते. बोट यायला चार दिवस होते. तेवढ्यात पाणी कुठून येते ते शोधायचे, नाहीतर नाव बुडवून घरी जायचे.

दुसऱ्या दिवशी तो भांड्याकडे बघायचा थांबला आणि शेळीकडे बघू लागला. शेळीला सड दोनच. आनिएल्लो दोन्ही हातांनी धार काढत होता. उजवीकडची कास हळूहळू सैल पडत गेली, जशी पडायला हवी. डावीकडची मात्र तट्ट होती तशीच राहिली. डाव्या हातातून तर धार येत होती. ख्वाजा खाली वाकला. जिन्यात कडाक्याची थंडी होती. उजव्या धारेतून वाफ निघत होती. डाव्या धारेला वाफ नव्हती. आनिएल्लोचे डावे कोपर बरगडीला चिकटले होते आणि तो ते मधूनमधून दाबत होता, भाता मारल्यासारखे.

ख्वाजाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या भाषेत, आपल्या रीतीने विनंती केली.

“पावणं, हात जरा वर करा की.”

पाहुण्याला मराठी कळत नव्हते. ख्वाजाने त्याच्या काखेत हात घातला आणि दाबला. अस्तनीतून पाण्याचे कारंजे उडाले. ते शेळीच्या तोंडावर पडले. शेळी ओरडत पाचव्या मजल्याकडे पळाली, भांडे गडगडत तिसऱ्यावर गेले आणि घरातली सगळी दारे उघडली. आनिएल्लोच्या कोटाखाली काखेत एक लहानशी चामड्याची पखाल होती, आणि तिच्यातून निघालेली नळी अस्तनीतून तळहातापर्यंत आली होती.

त्र्यंबकराव आरडाओरड ऐकून शाल गुंडाळून बाहेर आले. पुढचे सारे संभाषण त्यांच्या तोंडून झाले: असुंताबाईंचे इंग्रजी, त्याचे त्यांनी केलेले मराठी. त्यांचे मराठी शांत होते, बाईंचे हात मात्र जिन्याच्या दोन्ही भिंतींना लागत होते.

बाईंचे म्हणणे असे की आनिएल्लो पाणी घालतो हे सगळ्या जिन्याला ठाऊक आहे. तो बाप मेल्यापासून घालतो, बापही घालत असे. म्हणून तर आम्ही भाव पाडून घेतो. त्याचे पाणी आणि आमचा भाव यांचा मेळ वर्षानुवर्षे बसलेला आहे. या परदेशी माणसाने काखेत हात घालून तो मोडला. आता सगळ्यांच्या देखत कळल्यावर मला रागवावे लागणार, आणि सकाळी उठून रागवायची माझी इच्छा नाही.

आनिएल्लोचे म्हणणे आणखी सरळ होते. पाणी आहे. पण ते चौकातल्या चांगल्या कारंज्याचे आहे. इतर दूधवाले कुठले घालतात ते जाऊन विचारा.

असुंताबाईंनी निकाल दिला की गल्लीतल्या लोकांना पाणी घालणे हा व्यवहार आहे, पण आजारी पाहुण्याला घालणे ही चूक आहे. उद्यापासून चौथ्या मजल्याला निव्वळ दूध. बाकीच्या मजल्यांनी आपापले बघून घ्यावे. हे झाल्यावर त्यांनी रागवायचे तेवढे रागवून घेतले आणि पाचव्या मजल्यावरून शेळी आणवली.

सरदारांना हा प्रकार कळला तेव्हा ते हसता हसता खोकले आणि खोकता खोकता हसले. पखाल त्यांनी पुन्हा पुन्हा दाबून पाहिली. बोटीचा विषय निघाला नाही.

दुसऱ्या सकाळी आनिएल्लो आला तो शेळी दारात उभी करून थांबला. कोट काढला, जिन्याच्या कठड्यावर टाकला. सदऱ्याच्या बाह्या खांद्यापर्यंत गुंडाळल्या. मग दोन्ही हात आडवे वर करून, देवळातल्या मूर्तीसारखा उभा राहून, त्याने दोन्ही काखा ख्वाजाला दाखवल्या. त्या दिवशी थेंब नखावर मोत्यासारखा बसला. भाव अर्थातच चढला होता.

यानंतर दोघांची दोस्ती झाली. ख्वाजा त्याच्याबरोबर जिने चढू लागला. बाकीच्या मजल्यांवर पखाल चालू होती, तिथे ख्वाजा भिंतीकडे तोंड करून उभा राही. एकदा आनिएल्लोने त्याला ती कशी बांधतात ते दाखवले, मोठ्या कौतुकाने, मुलाला लंगोट बांधायला शिकवावे तसे. मग ख्वाजाच्या काखेकडे बोट करून भुवया उंचावल्या: तुमच्याकडे कशी असते? ख्वाजाने हाताने सांगितले की आमच्यात तसले काही नसते, मी घालतच नाही. आनिएल्लो एवढा हसला की त्याला पायरीवर बसावे लागले. त्याने ख्वाजाचा गाल थोपटला. खाली जाऊन त्याने ते सगळ्या गल्लीला सांगितले आणि गल्लीही हसली. आपला खरेपणा ऐकून लोक हसतात, हा अनुभव ख्वाजाला नवा होता.

निरोपाआधी आनिएल्लोने त्याला एक भेट दिली. गाडीत घालून गावाबाहेर दूर सपाट रानात नेले. तिथे चिखलात म्हशी बसल्या होत्या. काळ्या, ओल्या, कपाळावर माशा. शिंगे आखूड होती, पण म्हशी होत्या. ख्वाजा बूट काढून चिखलात उतरला आणि एकीच्या कानामागे खाजवत बराच वेळ उभा राहिला. तिथले गुराखी ते दूध पीत नाहीत, त्याचे चीज करतात. पांढरे, रबरासारखे गोळे. आणि ते गोळे ठेवतात पाण्यात. ख्वाजाने हे पाहून आनिएल्लोकडे पाहिले. या देशात दुधाला पाण्यापासून सुटका नाही, असे त्याचे तेव्हापासूनचे मत आहे. त्याने एक वाडगे धारोष्ण दूध मागून घेतले आणि उभ्या उभ्या प्यायले. गुराखी हा आता मरतो की काय हे बघायला जमले. तो मेला नाही, तेव्हा त्यांनी दुसरे वाडगे आणले.

उन्हाळ्याच्या तोंडाला सरदार बरे होऊन परतले. ख्वाजा कट्ट्यावर आला. पहिले चार दिवस म्हशींपेक्षा त्याच्याभोवतीच गर्दी जास्त होती. त्याने शेळी चौथ्या मजल्यावर येते ते सांगितले. कोणाचा विश्वास बसला नाही. शेळी जिना चढते, हे एकवेळ मान्य. रोज चढते आणि दारात दूध देते, ही थाप. कोणीतरी त्र्यंबकरावांना सरदारांच्या वाड्यावर गाठून विचारले. त्यांनी साक्ष अचूक दिली. शेळी दारात होती हे त्यांनी पाहिले होते. ती तिथे कशी आली हे त्यांनी पाहिले नव्हते, कारण ते त्या वेळी झोपलेले असत.

मग ख्वाजाने पखालीचा किस्सा सांगितला. त्यावर मात्र सगळ्यांचा विश्वास ताबडतोब बसला.

दुसऱ्या दिवशी पहाटे झुंबरबाई गडवा घेऊन आल्या. झुंबरबाई म्हणजे या कट्ट्यावरचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. चार गवळ्यांच्या तीन पिढ्यांशी त्यांनी भांडण केलेले. त्या आण्णासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आण्णा, पैरण काढ.”

आण्णाला वाटले त्यांचे डोके फिरले. त्यांनी काख दाखवायला सांगितले. मागच्या बायकांनीही मग आपापल्या गवळ्याला तेच सांगितले. गवळी संतापले. इतकी वर्षे लोक भांडे बघत होते, हात बघत होते, आता अंग बघायला लागले. संध्याकाळी ते आण्णाच्या गोठ्यात जमले आणि ठरले की ख्वाजाने चारचौघांत सांगायचे, किस्सा खोटा, आपण गंमत केली. नाहीतर त्याच्या म्हशी लिंबाखालून हलवायच्या.

ख्वाजाची दोन्हीकडून कोंडी झाली. थाप म्हणावे तर विलायतेतून थापा मारत आलेल्या गवळ्याच्या दुधावर कोण विश्वास ठेवणार? खरे म्हणावे तर बापाची जागा जाणार. त्याने नजीराला विचारले. तिला दोन्हीपेक्षा एकच काळजी होती, की उघड्याने बसला तर सर्दी होईल. तिने मोहरीचे तेल गरम करून दिले.

पहाटे सगळे हजर होते. गिऱ्हाइके पुढे, गवळी आपापल्या म्हशीशी. आण्णा मोठ्याने म्हणाला, “ख्वाजा, सांगून टाक बाबा. त्यो पखालीचा किस्सा खोटा हाय म्हणून.”

ख्वाजा उठला. त्याने पैरण डोक्यावरून काढली आणि लिंबाच्या एका फांदीला अडकवली. मग दोन्ही हात आडवे वर केले. अंगाला तेलाचा वास येत होता.

“किस्सा खरा हाय,” तो म्हणाला. “माझ्या काखंत काय न्हाय. बघा, आणि दूध घ्या.”

झुंबरबाईंनी जवळ जाऊन बघितले. दोन्ही बाजूंनी बघितले. मग गडवा पुढे केला. त्यांच्यामागे रांग लागली, आणि ती रांग कट्ट्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली. म्हशी हलवायचा विषय कोणी काढला नाही. रांगेतून म्हशी हलवायला वाटच नव्हती. आठवडा संपेपर्यंत एकेका गवळ्याने पैरण काढली.

आण्णा तेवढा राहिला. त्याचे दूध कट्ट्यावर सगळ्यात दाट होते आणि आजही आहे, हे ख्वाजासुद्धा मान्य करतो. पण पैरण काढणे म्हणजे आपण इतके दिवस चोर होतो असे कबूल करणे, असे आण्णाला वाटत होते. तो सगळा पावसाळा पैरण घालून बसला, त्याच्यापुढे कोणी उभे राहिले नाही, आणि त्याचे दूध शाहूपुरीतल्या एका पेढेवाल्याकडे गेले. पेढेवाल्याला काखेशी कर्तव्य नव्हते. तो भावही तसाच द्यायचा.

दिवाळीनंतरच्या थंडीत एका पहाटे आण्णा पैरण न घालता आला. अंगावर घोंगडे मात्र होते. झुंबरबाई त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि वाट बघू लागल्या.

“आण्णा, घोंगडं.”

आण्णाने घोंगडे काढले. हात वर केले. मग मान वळवून ख्वाजाला म्हणाला, “मी गेलो असतो इलायतेला, तर परत येऊन गप बसलो असतो.”

ख्वाजा धार काढत होता.

फांदीवरून पैरणी म्हशींच्या तोंडात जाऊ लागल्या तेव्हा लिंबाला खुंट्या ठोकायचे ठरले. पहिली खुंटी आण्णाने ठोकली आणि आपल्याच नावाची ठेवली. शेवटी येऊन पहिली खुंटी कशी, असे कोणी विचारले नाही. ख्वाजाने दुसरी घेतली.

उद्या सोमवार. झुंबरबाईंचा उपास, म्हणून त्यांचा गडवा मोठा असेल. पहाटे सव्वाचारला कोणीही जाऊन बघावे: लिंबाच्या पहिल्या खुंटीवर आण्णाची पैरण असेल, दुसरीवर ख्वाजाची.